शेरणी खाली उतरतेय

मी बॉटनीची बाई. छत्तीस वर्षं कॉलेजात पानंफुलं शिकवली, भुताखेतांवर माझा विश्वास नाही बापा. तुम्हीच ऐका आणि सांगा.

पेंच नदीकाठून आणलेले नमुने रद्दी पेपरांत दाबून ठेवले की रोज पेपर बदलावे लागतात. रविवारी दुपारी तेच करत होते. करंज, जांभूळ, कहू, सगळं वाळत आलेलं. मध्येच एक पेपर ओलाचिंब लागला. आत शेरणीची फांदी, हिरवीगार. सातपुड्यातून उतरणाऱ्या नदीच्या खडकांत हे झुडूप घट्ट रुजतं, पुरात आडवं होतं पण उपटत नाही. मी ते आणलंच नव्हतं!

सोबत नमुन्याची चिठ्ठी होती, मधुकररावांच्या अक्षरात.

मधुकरराव माझ्याच कॉलेजातले, आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मागच्या वर्षी पेंचेत वाहून गेले, सापडले नाहीत. त्यांची बायको प्रेमिला आता एकटीच राहते, पण अजून दोन ताटं वाढते. मधुकरराव प्रत्येक नमुन्याला क्रमांक द्यायचे. शेवटचा १४१२. या चिठ्ठीवर १४१३ होता. ठिकाण: तोतलाडोह. 'सोबत कोण' ही ओळ रिकामी.

कोणाची तरी चेष्टा, म्हणून मी ती फाडली. सोमवारी १४१४ आली. ठिकाण: नवेगाव खैरी. मंगळवारी १४१५, गोरेवाडा. आमच्या धरमपेठेतल्या नळाचं पाणी पेंचेच्या धरणातून याच वाटेनं येतं.

प्रेमिलाला मी सांगितलं होतं, त्या दिवशी मधुकरराव एकटेच पात्रात उतरले, मी गाडीत होते. साफ खोटं. धरणाचा भोंगा वाजत होता आणि मीच काठावरून म्हणाले होते, "जा ना मधुकरराव, एकच फांदी. पाणी यायला वेळ आहे."

काल संध्याकाळी प्रेमिला धापा टाकत वर आली. हात ओले, मुठीत शेरणीची पानं आणि एक कोरडी चिठ्ठी.

"सुमती... अवं, आमच्या नळातून पानं येऊन राहिली. अन् हे बादलीखाली होतं. अक्षर आमच्या ह्यायचंच आहे वं... चष्मा खालीच राहिला. वाच ना मले."

क्रमांक १४१६. ठिकाण: धरमपेठ. सोबत कोण: सुमती, भोंगा वाजत असताना.

"काय लिहिलं? काहून थांबली?"

मी क्रमांक वाचला, ठिकाण वाचलं. पुढची ओळ वाचलीच नाही.

तेवढ्यात खाली, तिच्या रिकाम्या घरात, कोणीतरी वाहता नळ बंद केला.