उभ्या ज्वारीतली रेघ

कणसात दाणा भरत आला होता, आणि शेताच्या मधोमध ज्वारी आडवी पडली होती... गाडीवाट पाडावी तशी. कापल्या पट्ट्यात रोवलेल्या मोजणीच्या झेंड्या द्वारकेनं एकेक करून उपटायला घेतल्या.

"ओ बाई! आठवड्याची मेहनत आहे ती!" बांधावरून एक तरुण धावत आला.

"अन् माझं वर्साचं खानं?"

तो थबकला. कापलेलं पीक त्याला आत्ता दिसलं. उत्तमराव त्याचं नाव. एकोणीसशे पंचेचाळीस सालच्या त्या थंडीत, हैदराबादेहून इंजिनिअरीची पोरं घेऊन तो डोंगरकडा गावात जमिनीची मोजणी शिकवायला आला होता. मोजणीच्या दुर्बिणीला आरपार दिसावं म्हणून पोरांनी पीकच कापलं होतं.

"नासेर!" तो त्यातल्या एका पोरावर गरजला. "आजच्या आज गाशा गुंडाळ!"

नासेरचं तोंड एवढंसं झालं, आणि द्वारका आणखीच भडकली. "लेकरावर काहून वरडता? रेघ सरळ पायजे, असं तुमीच म्हनले असाल ना? मास्तर तुमी. आधी सोताला बोला!"

उत्तमरावानं एक झेंडी स्वतः उपटली. मग पोरांसमोरच म्हणाला, "चूक माझी आहे."

दुपारी बांधावर बसून, मातीत रेघा ओढत, पीक न मोडता वळसा घालून कसं मोजायचं ते तो शिकवत होता. नासेरला उमगलं तसा तो हसला. उत्तमरावानं त्याच्या पाठीवर थाप मारली. द्वारका दुरून बघत होती — रागानंच. पण नजर हटेना.

रोज तो बांधाशी यायचा.

"राग गेला?"

"न्हाई."

"उद्या विचारू?"

"...इचारा की."

मोजणी संपून पोरांचे तंबू उतरले त्या दिवशी तो म्हणाला, "द्वारकाबाई, नोकरी सोडतो. इथंच राहतो... तुमच्यासाठी."

लग्नानंतर वर्षातच तिचं कुंकू पुसलं होतं. तेव्हापासून असं कुणी बोललं नव्हतं. छाती धडधडली... आणि संताप उसळला.

"पोरांना अर्ध्यात टाकनार? असला मानूस मला नगं!"

"मग काय करू?"

"शिकवा. मी येते हैदराबादला."

"पण... तुमचे वडील चिडतील."

"चिडू द्या. चला!"

ती तरातरा पुढं निघाली. तिचा बाप संतराम ओसरीवर बसला होता. उत्तमरावानं पायताण काढायच्या आत तिनं हाक मारली, "बा, पाव्हनं आलंत... मला मागाया."