आठ तुकड्यांतला लिलाव

सायबर कॅफेवाल्या झैनशी उमैमा पहिल्यांदा बोलली ती भांडायलाच.

"काय ओ, तुमच्या कॉम्प्युटरने माझा व्हिडिओ परत पाठवला!"

"कॉम्प्युटरने नाही, साइटने. नवा नियम आलाय. दहा मिनिटांच्या वर घेत नाहीत."

"लिलाव चाळीस मिनिटं चालतो. सुरमईला सांगू का, बाई, लवकर विकली जा म्हणून?"

झैन तिच्याकडे बघतच राहिला. तिच्या ओढणीला जयगडच्या जेटीचा वास येत होता. सुकटीच्या वासानेही माणूस प्रेमात पडतो, हे त्याला त्या दिवशी कळलं.

जेटीवरचे लिलाव ती कुवेतमधल्या अब्बांसाठी साइटवर टाकायची. अब्बा आणि त्यांच्या खोलीतले अकराजण दर शुक्रवारी ते बघत. झैनने चार तुकडे करून दिले. मग दर गुरुवारी ती एसटीने रत्नागिरीला येऊ लागली. कुठे कापायचं, यावर दोघं तासभर वाद घालायचे. चहा दोन व्हायचे.

पाच महिन्यांनी साइटने नियम उठवला. झैनने नोटीस नीट वाचली, स्क्रीनवरची खिडकी बंद केली आणि गंभीरपणे म्हणाला, "नियम बदलला... आता पाचच मिनिटं."

आठ तुकडे झाले. पुढे नियम तीन मिनिटांवर आला. एका तुकड्यात सुरमईची बोली लागे, दुसऱ्यात ती विकली जाई. मधे कुवेतमध्ये बाराजण श्वास रोखून बसत.

एका गुरुवारी उमैमाने अब्बांची कमेंट वाचून दाखवली — "बाकीच्यांचे व्हिडिओ अख्खे येतात. आपलेच का कापतो हा मुलगा? ईदला येतोय, बघतो त्याला."

झैनने चहाचा कप खाली ठेवला. "साइटची चूक असेल..."

"साइटची नोटीस मला मेलवर आलेली. तीन महिन्यांपूर्वी."

"मग बोलली का नाहीस गो?"

"तू एका मिनिटावर कधी येतोस, ते बघत होते. सांग आता. का केलंस?"

"तू... दर गुरुवारी यावीस म्हणून."

उमैमा कानापर्यंत लाल झाली.

"हे अब्बांना तूच सांग," ती म्हणाली. "ईदला. घरी येऊन. आज अख्खा व्हिडिओ चढव."

"चार तास लागतील. मधे वीज गेली तर परत पहिल्यापासून."

"लोडशेडिंग कितीला?"

"तीनला."

घड्याळात दोन वाजले होते. उमैमाने खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"मग लाव की."