घासाला घोट

‘कडी सुटली,’ असा निरोप पडद्यावर उमटला आणि डॉ. हेमांगी टिळेकर भर प्रयोगशाळेत टाळ्या पिटत उठली.

वृंदाच्या पोटातल्या बाळाच्या महाधमनीला एकाऐवजी दोन कमानी होत्या. त्यांची कडी श्वासनलिकेभोवती बसली होती. पोटात श्वास घ्यायचाच नसतो, म्हणून सारं ठीक; जन्मल्यावर मात्र जीव घुसमटणार. हेमांगीने त्यासाठी रक्तसेवक घडवले होते. तांबड्या पेशीहून कितीतरी बारीक यंत्रं, नाळेतून सोडलेली.

“चुकले तर?” शल्यविशारद डॉ. काझींनी विचारलं होतं.

“चुकायला अक्कल लागते, सर! यांना एवढंच ठाऊक, श्वासनलिकेभोवतीची कडी शोधायची, तिची बारीक कमान बंद करायची. कुणा एकाचा निरोप आला, की बाकीचे विरघळतात.”

“निरोप आला तरी बाळाचं चित्रण करून तपासून घेऊ.”

“कशाला? निरोप येईलच की.”

त्याच संध्याकाळी वृंदाला कळा सुरू झाल्या.

बाळ रडलं, पण आवाज शिट्टीसारखा. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. घाईने चित्रण केलं. दोन्ही कमानी जागच्या जागी, दोन्ही वाहत्या. हेमांगीने निरोप पुन्हा उघडून पाहिला. मग निरोप पाठवला कुणी?

बाळंतिणीला काय सांगायचं, हे न सुचताच ती खोलीत शिरली. वृंदा डिंकाचा लाडू खात होती. शेजारी पाण्याचा तांब्या भरलेला, तसाच.

“बघा की डॉक्टर,” तिची आई कौतुकाने म्हणाली, “लहानपणापासून हिला घासाला घोट लागायचा. सासरी सगळे चिडवायचे. आज कोरडा लाडू खातेय!”

तो घोट हेमांगीनेही पाहिला होता. पाहून हसलीही होती. श्वासनलिकेमागेच अन्ननलिका असते, कडी दोघींना आवळते, हे शिकवायला का हवं होतं तिला? वृंदाच्या गळ्याखाली जन्मापासून तीच कडी होती, जरा सैल. वारेच्या चाळणीतून सेवक आईच्या रक्तात गेले होते आणि तिथे सापडलेली पहिली कडी त्यांनी चोख सोडवली होती.

तिने अडखळत सगळं सांगितलं. बाळाला काझींनी शस्त्रक्रियेला आत नेलंय, छाती उघडावी लागणार, हेही.

वृंदाने हातातला लाडू खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिचा श्वास मोकळा चालला होता.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “माझं पुन्हा होतं तसं करा. पण त्याचं सोडवा.”