चौथा दोर

"तुमचे हात दाखवा."

एदविन खरं तर घाईनं चौक ओलांडत होता. वाट अडवून उभी असलेली मुलगी असं म्हणाली आणि तो थांबला. का थांबला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

ब्रोन्याला चौथा माणूस मिळत नव्हता. तीन दोर तीन अनोळखी हातांत देऊन झाले होते. एक निवृत्त पोस्टमन, एक मधुचंद्राला आलेली नवरी आणि एक आडदांड विद्यार्थी. चार बाजूंनी चार दोर ताणले की मधला पाच मीटरचा खांब उभा राहायचा आणि त्याच्या टोकावर ती एका हातावर उलटी उभी राहायची. तिचा खेळ एवढाच. स्लोव्हाकियातलं घर सोडून तिला दोन वर्षं झाली होती. ज्या गावात जाई, तिथले चार अनोळखी लोक तिला वर धरून ठेवत.

एदविननं हात पुढे केले. तळव्यांवर जुने, पिवळट घट्टे होते.

"काय काम करता?"

"बंदरात जहाजं बांधतो. जहाजाचा दोरखंड होडीतून आणायचा आणि धक्क्यावरच्या खुंट्यात अडकवायचा."

"मग माझा दोर धरा. मी जहाजापेक्षा हलकी आहे."

तो हसला नाही. शहरामागच्या कड्याकडे बघत म्हणाला, "आज चढू नका. बोरा येतोय."

डोंगरावरून कोसळणाऱ्या त्या वाऱ्याबद्दल घरमालकिणीनं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. इटलीतल्या या त्रिएस्त बंदरात त्या वाऱ्यानं माणसं आडवी होतात म्हणे. तिला ती थाप वाटली होती.

"माझा खेळ बारा मिनिटांचा आहे."

"बोराला घड्याळ कळत नाही."

"मग तुम्ही बघा त्याच्याकडे. मी वर जाते."

तिनं दोर त्याच्या हातात ठेवला. बोटांना बोटं लागली... तिनं ती जरा जास्तच चटकन मागे घेतली.

ती चढली. सातव्या मिनिटाला टोकावर एका हातावर तोलली गेली, तेव्हा खालचा चौक एकदम गप्प झाला. नवव्या मिनिटाला समुद्रपक्षी ओरडत उडाले, आणि मग तो आला. एखाद्यानं मागून दोन्ही हातांनी ढकलावं तसा. विद्यार्थ्याची टोपी उडाली. ती धरायला त्यानं हात वर केला – आणि त्याचा दोर सुटला.

खांब कलायला लागला. आकाश एका बाजूला सरकताना ब्रोन्याला दिसलं. अडीच वर्षांपूर्वी असंच सरकलं होतं... आणि तेवढ्यात खांब हिसका बसून थांबला.

तिनं खाली पाहिलं. विद्यार्थ्याचा दोर एदविनच्या दोन्ही मुठींत होता, आणि तो फरशीवर मागे रेलून, पाय रोवून बसला होता. त्याचा स्वतःचा दोर दिव्याच्या खांबाला आवळलेला होता.

ती घसरत खाली आली. आल्या आल्या त्याच्यावर आवाज चढवला.

"तुमचा दोर सोडायला कुणी सांगितलं होतं?"

"सोडला नाही. पक्षी उडाले तेव्हाच बांधला."

त्याच्या तळव्याची साल निघाली होती. ते बघितल्यावर तिला पुढचं भांडण आठवेना.

कोपऱ्यावरच्या कॅफेत काचेच्या इवल्याशा पेल्यांतून कॉफी आली. ती त्याचा हात टेबलावर ठेवून पट्टी बांधत होती, आणि तो हाताकडे सोडून सगळीकडे बघत होता. म्हणजे, तिच्याकडे.

"उद्या किती वाजता?" त्यानं विचारलं.

"काय?"

"तुमचा खेळ. मी येतो धरायला."

"नको." पट्टीची गाठ जरा घट्टच बसली. "एका माणसाला एकदाच. माझा नियम आहे."

"असला कसला नियम?"

"माझा."

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता. एदविन चौकात पहिल्या रांगेत उभा होता. ती त्याच्यासमोरून गेली आणि शेजारच्या बाईला दोर दिला. तिसऱ्या दिवशीही तो तिथेच होता.

"हात बरा झालाय," तो हळूच म्हणाला.

"छान. खिशात ठेवा."

चौथ्या दिवशी खेळ संपल्यावर ती स्वतःच त्याच्याजवळ आली. "तुम्हाला दुसरा उद्योग नाही?"

"आहे. पण तिथून तुम्ही दिसत नाही."

हसू दाबायला तिला मान वळवावी लागली. मग ती त्याच्याबरोबर समुद्रात शिरलेल्या लांब धक्क्यावर चालत गेली, आणि टोकाशी पाय सोडून बसल्यावर, न विचारता, सांगायला लागली.

"मातुश नावाचा होता. आमचा खेळ दोघांचा. दोन दोर जमिनीत ठोकलेले, दोन त्याच्या हातांत. शरद ऋतूत लग्न ठरलेलं. एकदा गर्दीत त्याला कुणी ओळखीचं दिसलं. हात हलवायला त्यानं एक दोर सोडला... बास, एवढंच. माझं गळ्याचं हाड मोडलं, दोन बरगड्या."

"आणि तो?"

"तो रडला. खूप रडला. वाईट नव्हता हो. निर्धास्त झाला होता." ती पाण्याकडे बघत राहिली. "अनोळखी माणूस भीतीनं घट्ट धरतो. ओळख झाली की मूठ सैल होते. म्हणून तुम्ही नको."

"म्हणजे आपली ओळख झाली म्हणायची."

"एदविन, मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही," तो म्हणाला. उठताना तिनं सांगितलं, उद्या बाराच्या बसनं ती क्रोएशियातल्या रियेकाला जाणार.

जायच्या दिवशी बोरा पुन्हा आला. पहिल्यापेक्षा दुप्पट. एदविन सकाळी निरोपाला येणार होता; आला नाही. साडेअकराला, पाठीवर खांबाचे सुटे तुकडे भरलेली पिशवी आणि हातात दोरांचं भेंडोळं घेऊन, वाऱ्यात वाकून चालत ती गोदीच्या कुंपणाशी पोचली. आत त्याचा म्हातारा सहकारी लिव्हिओ दिसला.

"खांबावरची पोरगी ना तू?" त्यानं फाटक उघडलं. "ये. चार दिवस दुसरं काही ऐकलं नाही आम्ही. पण त्या भिंतीमागे उभी राहा. ताणलेला दोरखंड तुटला तर माणूस चिरतो."

"तो कुठाय?"

लिव्हिओनं बोट दाखवलं.

मालवाहू जहाज धक्क्याला लागत होतं, आणि त्याच्या नाकाखाली एक लहानशी होडी लाटांवर वर-खाली आपटत होती. होडीत उभा राहून एदविन वरून सोडलेला दोरखंड ओढून घेत होता. वाऱ्यानं जहाज दूर रेटलं. दोर ताठ झाला, त्यातून पाणी पिळून निघालं. मग जहाज पुन्हा आत सरकलं. धक्का आणि लोखंडी भिंत यांच्यामधली फट कमी होऊ लागली, आणि होडी त्या फटीत होती.

"बाहेर का नाही पडत तो?" ब्रोन्यानं विचारलं.

लिव्हिओ भिंतीच्या कडेवरून पुढे वाकला.

होडी दिसेनाशी झाली. ब्रोन्याचे हात भिंतीच्या कडेवर घट्ट होते. तिनं धरावा असा एकही दोर तिथे नव्हता. ओरडायचं तर वाऱ्यात ऐकू कुणाला जाणार? पाच मीटर उंचीवर तिचे श्वास मोजून-मापून चालत. इथे, सपाट जमिनीवर, तिला श्वासच सापडेना.

मग धक्क्याच्या शिडीवर एक हात दिसला. दुसरा दिसला. एदविन वर आला, दोरखंडाचा फास त्यानं खुंट्यात टाकला, आणि मग कुठे त्याला भिंतीपाशी उभी असलेली ती दिसली.

तो जवळ आला. नखशिखांत भिजलेला. "निरोपाला येणार होतो. पण जहाज..."

"तू मूर्ख आहेस," ती म्हणाली. पहिल्यांदाच 'तू'. "इतकी भीती मला वर कधी वाटली नाही. खाली नुसतं उभं राहून बघायचं... कसं करतात लोक?"

"मी तीन दिवस करतोय," एदविन म्हणाला.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. पहिल्या रांगेतला, खिशात हात घालून उभा असलेला तो. त्या खिशांत त्याच्या मुठी कशा आवळलेल्या असतील, ते तिला आत्ता कळलं.

"आवडतोस मला," ती म्हणाली. "आणि भीतीही वाटते. दोन्ही एकदम वाटतंय."

"माझंही तसंच आहे." त्यानं तिच्या तोंडावर आलेले केस बाजूला केले, वाऱ्यानं ते पुन्हा आणले. "भीती गेली तर सांगेन तुला. तेव्हा माझ्या हातातला दोर काढून घे."

मागून लिव्हिओ खाकरला. "पोरांनो, पावणेबारा वाजलेत. हिची बस आहे ना?"

एदविननं मुकाट्यानं तिची पिशवी उचलली. "स्टेशन जवळच आहे. धावलीस तर मिळेल."

ब्रोन्यानं पिशवी त्याच्याकडून घेतली आणि भिंतीच्या आडोशाला, जिथे वारा पोचत नव्हता, तिथे ठेवून दिली.

"मला धावायचं नाहीये, एदविन."