साळुंकीचा प्रयोग

दुपारचं जेवण उरकून छबी तळघरातल्या प्रयोगशाळेत गेली. तिथे खिडकी नाही. दार लोटलं की भरदुपारी काळोख, आणि तारा चिकटवायला डोक्याला चोपडायच्या गार लगद्याचा उग्र वास. मेंदूचं शास्त्र शिकणारी पोर, कॉलेजचं शेवटचं वर्ष. सरांच्या हाताखाली संशोधनाला एकच जागा होती. आज प्रयोग दाखवला की ती छबीची.

प्रयोग मात्र साळुंकीचा. वसतिगृहात एकाच खोलीत राहणारी मैत्रीण, तोंड मिटायची नाही, म्हणून साळुंकी. माणसाच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची नि नावं ऐकवायची. परक्या नावाला पडद्यावरची रेघ लोळत पडते, आपलं नाव आलं की टुणकन उडते. वर्षभर खपली बिचारी. मग तापाने फणफणली, तेवढ्यात छबीने सरांना सांगून टाकलं, सगळं माझंच. साळुंकीला कळलं. ती तशीच उठून सरांकडे निघाली, तर छबीने बाहेरून कडी घातली. हाका थांबल्यावर कडी काढली, तेव्हा पोर थंड पडली होती.

"टोपी तूच घाल," सर म्हणाले. "स्वतःवर करून दाखव, तर मानलं."

नावं सुरू झाली. आवाज साळुंकीचाच; तिनेच भरून ठेवलेला.

"छबी..."

रेघ ढिम्म.

"साळुंकी..."

रेघ उसळून पडद्याबाहेर गेली.

"तारा उलट्या लावल्यास की काय? धांदरट कुठली!" सर हसले. तारा तपासून पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"सर... काढा ना ही," छबी कुजबुजली. "कुणीतरी आत सरकतंय... मला जागाच उरली नाही..."

"अगं, लगदा गार असतो, तसं वाटतं."

"तिला सांगा... चुकलं माझं..."

मान लटकन पडली. सरांनी घाईने टोपी ओढून टेबलावर टाकली.

"छबी? अगं छबी!"

पोरीने मान वर केली. मग हळूच हसली. "वर्षभर खपले मी, सर. आता जागा माझी ना? सांगते ऐका, पहिल्यापासून..." आणि जी बोलत सुटली, ती थांबेचना. छबी कधी दोन वाक्यांपुढे जायची नाही.

 सर यंत्र बंद करायला वळले. नावं अजून चालूच होती. टोपी टेबलावर रिकामी पडलेली. एक परकं नाव गेलं, दुसरं गेलं, रेघ गप्प.

"छबी..."

रेघ उडाली.

सरांनी वायर उपटली. आवाज बंद झाला, दिवे विझले. काळोखात पडदा तेवढा उजळलेला, आणि त्यावर ती रेघ नुसती उड्या मारत होती.