करड्या कोटातल्या बाईची तीन वाक्ये

हे घडलेले आहे. विश्वास ठेवा, असा आग्रह मी धरणार नाही. माझ्या शब्दावर एका माणसाने विश्वास ठेवला होता. त्याचे काय झाले ते पुढे येईलच.

तारीख नऊ डिसेंबर, शनिवार. वेळ संध्याकाळी पावणेसात. ठिकाण अमेरिकेत, ऑरेगनच्या किनाऱ्यावर, कोलंबिया नदीच्या मुखाशी वसलेले आमचे हॅलोरन लँडिंग. आणि तिथले ग्लेनाचे फ्रेमचे दुकान.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्याकडे आर्टवॉक असतो. पाच ते आठ. न्हाव्यापासून बँकेपर्यंत सगळे आपापल्या भिंती गावातल्या चित्रकारांना आणि फोटोग्राफरांना देतात. लोक वाइनचा प्लास्टिकचा पेला हातात धरून दुकानामागून दुकान हिंडतात. चित्र विकले गेले की त्याच्या पाटीवर लाल टिकली चिकटते.

न विकताही चिकटते.

भिंत फार ओकीबोकी दिसू लागली की आमची समिती दोन-चार टिकल्या उगाच लावते. एकाने घेतले की दुसऱ्यालाही घ्यावेसे वाटते. बैठकीत आम्ही याला ‘वातावरणनिर्मिती’ म्हणत असू. शब्द माझा. बनावट चित्रे कशी ओळखावीत हे मी विद्यापीठात तीस वर्षे शिकवले. निवृत्तीनंतर गावाला एवढे तरी देणे भाग होते.

एइनो कल्लिओ एकोणऐंशी वर्षांचा होता. जन्मभर नदीवर सॅमन मासे धरलेला माणूस. बायको गेल्यावर चित्रे काढू लागला. एकच चित्र, पुन्हा पुन्हा: स्वतःच्या स्वयंपाकघराची खिडकी, बाहेरून पाहिलेली. आत दिवा. माणूस नाही. साडेतीन वर्षे तो दर महिन्याला अशी एक खिडकी ग्लेनाच्या भिंतीवर टांगत असे, इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी उभा राहत असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला घरी भाजलेला वेलचीचा गोड पाव कापून देत असे.

“पाव संपला बघा, प्रोफेसरबाई,” आठ वाजता तो म्हणायचा. “बेकरीच काढायला हवी होती मी.”

हसायचा. मग चित्र काखेत मारून घरी.

ऑक्टोबरमध्ये ते हसू मला बघवेना. याला दया म्हणू नका. मला कंटाळा आला होता.

मी टिकली लावली.

“विकलं?” एइनोचे बोट पाटीवर थबकले. “कोणी घेतलं?”

“एक बाई होत्या. बाहेरगावच्या.”

“कशा होत्या?”

इथे थांबता आले असते. पण तपशिलांशिवाय बनावट वस्तू खपत नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

“करडा कोट. हातमोजे पावसानं ओले झालेले. एकट्याच होत्या. बराच वेळ उभ्या राहिल्या.”

“काही बोलल्या?”

मी त्या बाईच्या तोंडी तीन वाक्ये घातली. ‘ही खिडकी माझ्या ओळखीची आहे.’ ‘आत कोणीतरी दिवा चालू ठेवला आहे.’ ‘महिनाअखेरीस घेऊन जाईन.’

एइनो स्टुलावर बसला.

“डोळे निळे होते का?”

“लक्ष नाही दिलं.”

“सिल्वी असणार,” तो म्हणाला. “माझी पोरगी. सव्वीस वर्षं झाली भांडून गेली त्याला. तिच्याचसाठी काढतो हो मी ही खिडकी. दुसरं कोण ओळखणार?”

काउंटरमागून ग्लेनाने माझ्याकडे पाहिले. मी पाटी उगाच सरळ केली.

महिनाअखेरचे तीन दिवस तो दुकानात बसून होता. कोणी आले नाही.

“थिओ, सांगून टाक त्यांना,” ग्लेना म्हणाली. “रोज कॉफी देते मी त्यांना. तोंड वर करून बघता येत नाही मला.”

“सांगते.”

“कधी? पुस्तक लिहून सांगणार आहेस का?”

“सांगते म्हटलं ना!”

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोस्टाच्या पायऱ्यांवर त्यानेच मला गाठले. धाप लागली होती.

“हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होतं ना परवा... पुढं ढकललं. डॉक्टर ओरडला. ओरडू दे! शनिवारी ती येईल. ती दुकानात आणि मी दवाखान्यात, असं नको व्हायला.”

तोंड माझेच होते. सत्य दोन वाक्यांचे होते. आजूबाजूला कोणी नव्हते.

“बरं केलंत,” मी म्हणाले.

त्या शनिवारी तो पाचपासून आठपर्यंत बसला. पाव कापू दिला नाही. पहिला तुकडा तिचा.

मंगळवारी शेजारणीने दार उघडवून घेतले. तो स्वयंपाकघरात होता. दिवा चालू होता.

अंत्यविधीला सिल्वी आली. खरी सिल्वी. बुटकी, पिवळ्या रेनकोटातली. सव्वीस वर्षांत तिने गावात पाऊल टाकलेले नव्हते. तिने माझ्याकडे फक्त ते चित्र मागितले.

“विकलं गेलंय,” मी म्हणाले.

तिला चित्र द्यायचे, तर टिकली खोटी होती हे सांगावे लागले असते.

आता नऊ डिसेंबर.

बाहेर कोरडी, कडक थंडी. आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता. दुकान गच्च भरलेले. ग्लेनाच्या दाराला पितळी घंटा आहे. दार ढकलले की वाजते.

ती वाजली नाही...

मी वळले, तेव्हा खिडकीच्या चित्रासमोर एक बाई पाठमोरी उभी होती.

करडा कोट.

हातमोजे ओले.

मी हलले नाही. ग्लेना ट्रे घेऊन तिच्याकडे गेली, दोन शब्द बोलली आणि माझ्याकडे परतली. ट्रे तिने काउंटरवर ठेवला.

“थिओ... तुझी ती बाई खरंच होती?”

“काय म्हणाली?”

“खिडकी ओळखीची आहे म्हणाली. आत कोणीतरी दिवा चालू ठेवलाय म्हणाली. मी नाव विचारलं, तर म्हणे महिनाअखेरीस घेऊन जाईन. पुन्हा विचारलं... तर पुन्हा तेच.”

“दिसायला कशी आहे?”

ग्लेनाने पुन्हा तिकडे पाहिले.

“अगं, आत्ता समोर उभी होते मी तिच्या... एवढ्या अंतरावर...”

तिला चेहरा आठवेना.

कसा आठवणार? मी दिलाच नव्हता. डोळ्यांचा रंग एइनोने विचारला होता. मी लक्ष दिले नव्हते.

आठ वाजता बाई तिथे नव्हती. जाताना कोणी पाहिले नाही. जिथे ती उभी होती तिथल्या लाकडी फरशीवर हातमोज्यांतून ठिबकलेल्या पाण्याची दोन वर्तुळे होती.

जानेवारीत आली. फेब्रुवारीत आली. तीच तीन वाक्ये. महिनाअखेरीस कोणी चित्र न्यायला येत नाही. ग्लेनाने ते दोनदा उतरवायला घेतले, दोनदा परत टांगले. “तुझं तू निस्तर बाई,” म्हणाली, आणि दुसऱ्या शनिवारी साडेसहाच्या आतच ती हल्ली घरी निघून जाते.

मार्चमध्ये मी ठरवून गेले. आठला पाच मिनिटे असताना दुकानात मी आणि ती बाई, आम्ही दोघीच उरलो. मी तिच्या पाठीमागे उभी राहिले. थंड, ओल्या लोकरीचा वास येत होता.

“तुम्ही कोणी नाही,” मी म्हणाले. “मी तुम्हाला बनवलं. त्यांना खोटं सांगितलं. ते तुमच्यासाठी थांबले, आणि मेले.”

चार महिन्यांत पहिल्यांदा मी ते मोठ्याने उच्चारले होते. हलके वाटेल अशी समजूत होती. वाटले नाही.

बाई वळली नाही. पण बोलली... आणि ते वाक्य माझे नव्हते.

“हे त्यांना सांगितलंत?”

मी काय उत्तर दिले ते लिहिण्यासाठीच हे सगळे लिहिते आहे. समोर कोण उभे आहे हे ठाऊक असताना, तीन महिने झोप उडालेली असताना, एका मेलेल्या माणसाविषयी विचारलेल्या प्रश्नाला, सवयीने, क्षणाचाही विलंब न लावता मी म्हणाले:

“हो. सांगितलं. ते म्हणाले, ‘मी तुम्हाला माफ केलं.’”

बाईने मान हलवली. समाधानाने हलवली असे मला वाटले. त्या दिवसापासून ती दिसलेली नाही. ग्लेनाला वाटते, संपले.

मला तसे वाटत नाही. माझ्या शब्दांतून ती बाई आली, तेव्हा मी दिले तेवढेच घेऊन आली होती. या वेळी मी काय दिले, हे रोज आठवून पाहते. शर्ट दिला नाही. हसू दिले नाही. चेहरा दिला नाही.

एकच वाक्य दिले.

येत्या शनिवारी आर्टवॉक आहे. दार उघडायची जबाबदारी माझ्याकडे आहे. जे कोणी येईल, ते मला माफ केल्याचे सांगेल. पुन्हा विचारले, तर पुन्हा तेच सांगेल. महिन्यामागून महिने सांगत राहील.

आणि ते वाक्य एइनोचे नसेल.