मूसचं दावं

प्रोजेक्ट टाइप व्हायला वेळ होता, म्हणून अपेक्षा शेजारच्या कॉम्प्युटरवर नजर टाकून बसली आणि तिथंच फसली. दोन हजार चारचा ऑक्टोबर. पिपरी मेघेतलं चार कॉम्प्युटरचं सेंटर. पडद्यावर प्राणीसंग्रहालयाचा गेम उघडा होता आणि कुंपणात एक थोराड जनावर एकटंच फिरत होतं. लांबट तोंड, सुपासारखी पसरट शिंगं अन् डोक्यावर तरंगणारं, नाराजी दाखवणारं चिडक्या लाल चेहऱ्याचं चिन्ह.

"हा रोही काऊन रागावून राह्यला?" तिनं विचारलं.

सेंटर चालवणारा धीरज टाइप करायचा थांबला. "मूस म्हणते त्याले, परदेशातलं हरीण. खूशच होत नाई. तुम्हाले समजते काय जनावरातलं?"

रूपरावांच्या लेकीला हे विचारावं! तिच्या बापाचा हरभरा दरवर्षी रोह्यांनीच, म्हणजे नीलगाईंनीच तर खाल्ला होता. तिनं माउस हातात घेतला. झाडं काढली, डबकं बुजवलं, वाळक्या गवताचं माळरान पसरलं. रोह्याला आणखी काय लागतं? मूस मात्र होता त्याहून लाल झाला.

मग ती रोजच येऊ लागली. सावंगीचं नर्सिंग कॉलेज सुटलं की आधी सेंटर, मग घर. प्रोजेक्ट केव्हाच जमा झालं होतं. कधी ती गवत बदलायची, कधी कुंपण वाढवायची, आणि तो शेजारी खुर्ची ओढून बघत बसायचा. दोघांचे हात एकदमच माउसकडे जायचे आणि एकदमच मागे यायचे... तो तिला आवडला होता. आज काहीतरी बोलेल असं रोज वाटायचं, आणि तो मूसचीच तब्येत विचारायचा.

एकदा त्यानं गेममधलं अस्वल विकलं, तेव्हा ती म्हणाली की आमच्याकडे बैल विकला तरी दावं देत नाहीत. जनावर जातं, गळ्यातलं दावं घरी राहतं. तो हसला नाही.

दिवाळी झाली आणि धीरजच्या वडिलांनी, प्रभाकररावांनी, कापडाचं दुकान वाढवायला सेंटरची जागा मागितली. कॉम्प्युटर हिंगणघाटच्या एका माणसाला विकले गेले. सोमवारी तो गाडी घेऊन येणार होता. निमित्ताशिवाय इथं यायची अपेक्षाची हिंमत नव्हती, आणि बोलवायची त्याची नव्हती.

शेवटच्या दिवशी धीरज स्वतःच कॉम्प्युटरपुढं बसला. माळरान पुसून थंड मुलखातली सूचिपर्णी झाडं लावली, मोठं तळं खोदलं, जोडीला एक मादी आणली. पाच मिनिटांत मूस पाण्यात उतरला आणि डोक्यावरचा चेहरा हिरवा झाला. महिनाभरात पहिल्यांदाच.

अपेक्षा बघत राहिली. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं.

"तुम्हाले माहीत होतं."

"पह्यल्या दिवसापासून."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तर तो खूश झाला असता..." तो पडद्याकडेच बघत होता. "अन् तू दुसऱ्या दिवशी आली नसती."

तू — हे त्यानं आज पहिल्यांदा म्हटलं होतं. बिचाऱ्या मूससाठी तिला राग यायला हवा होता. आलाही, पण टिकला नाही.

त्यानं फ्लॉपी काढून तिच्यापुढं धरली. "अख्खं प्राणीसंग्रहालय आहे याच्यात. कॉम्प्युटर विकले, पण दावं ठेवलं. तू घे."

तिनं ती उलटसुलट करून पाहिली. कागदी पट्टीवर निळ्या शाईनं 'मूस' एवढंच लिहिलं होतं. तिनं फ्लॉपी परत त्याच्यासमोर ठेवली.

"दावं दुसऱ्याच्या घरी देत नाईत. तुमच्याच घरी राहू द्या."

धीरजचं तोंड उतरलं. तिनं ते थोडा वेळ तसंच राहू दिलं. मूसचा महिना वाया घालवला होता त्यानं, एवढं तर त्याला सोसायलाच हवं होतं. मग तिनं बॅग खांद्याला लावली आणि दारात थांबली.

"रविवारी बाबा घरीच असते," ती म्हणाली. "तुमच्या आईले पाठवजा... मंग मीच येईन न तिथं, दाव्यापाशी."